गुरुवारचा निवाडा

रेडिओचा परवाना नवा करून घ्यायला ते पोस्टात आले आणि खिडकीतून आत वाकून त्यांनी मला विचारलं, "तुमचं कुणावर प्रेम आहे का?"

शेवगावच्या पोस्टात मी कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. समोर धोतर, काळा कोट, हातात छत्री असे साठीला आलेले गृहस्थ. त्या वर्षी पावसाचा पत्ता नव्हता, पण छत्री होती. मागच्या रांगेत कुणी हसलं नाही, त्यावरून गावाला हे सवयीचं असावं असं मी समजलो. "नाही," म्हणालो.

"पूर्वी कधी?"

"नाही."

"मग तुमचं मत निर्मळ असणार. खोली पाहिजे असेल ना? संध्याकाळी या."

अशी मला खोली मिळाली. भाड्याविषयी ते दोन वाक्यंसुद्धा बोलले नाहीत. अट मात्र नीट समजावून सांगितली. दर गुरुवारी संध्याकाळी घरात हजर राहायचं आणि रेडिओ ऐकून झाला की निवाड्याला बसायचं.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची नोकरी झाली होती. पाथर्डीपासून अकोल्यापर्यंत जिल्ह्यातले बांध त्यांनी साखळी टाकून मोजले होते आणि निवृत्त झाल्यावरही मोजायचं थांबले नव्हते. चालताना पावलं सारखी पडत. बाजारात कुणी भेटलं की आधी त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघत आणि मग नमस्कार करत. मी कारकून आहे हे माहीत असूनही मला शेवटपर्यंत 'पोस्टमास्तर' म्हणत. एकदा मी चूक दुरुस्त करायला गेलो, तर म्हणाले, "माणसाला थोडं वाढवून मोजावं. उताऱ्यावर कमी भरतंच."

त्या काळात रेडिओवर दर गुरुवारी एक ऐतिहासिक मालिका लागत असे. किल्लेदाराच्या दोन मुली. थोरलीवर एका तरण्याबांड सरदाराचं प्रेम, धाकटीचं किल्ल्यावरच्या मोतद्दारावर, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसावर. बाहेर शत्रूचा वेढा, आत ही दोन प्रेमं. घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट, मधूनच सनई. रेडिओ तापायला वेळ घेई, म्हणून अण्णा तो आधीच लावून ठेवत आणि त्याच्यावरचं विणलेलं झाकण घडी करून मांडीवर घेऊन बसत. शेजारचे टेलर आणि त्यांची बायको, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई आणि मी, एवढी आमची पंचायत. अण्णांच्या बायकोला, आक्कांना, बाहेर येऊन बसलेलं मी कधी पाहिलं नाही. त्या स्वयंपाकघरात चुलीपुढे असत. मालिका सुरू झाली की आतला भांड्यांचा आवाज मात्र थांबे.

भाग संपला की अण्णा रेडिओ बंद करत आणि म्हणत, "हं. आज कोण पुढं?"

दोघंही चांगले, असं म्हणायची सोय नव्हती. एकाचं नाव घ्यायचं आणि कारण द्यायचं. टेलरची बायको दर वेळी सरदाराच्या बाजूची. "काय बोलतो हो तो!" ती म्हणे. "तिला चंद्राची कोर म्हणाला आज."

"चंद्र सगळ्या गावाला दिसतो," अण्णा म्हणत. "धाकटीच्या पायाला ठेच लागली ती कुणाला दिसली? मोतद्दाराला. सरदाराचं प्रेम सगळं बांधावर आहे बाई. आत शिरून बघा, वीतभर पीक नाही."

"अहो, पण सरदार लढतो तिच्यासाठी."

"लढाई त्याची नोकरी आहे. नोकरीत केलेलं प्रेमात धरायचं नाही."

नर्सबाई हुशार होत्या. त्यांना थोरली आवडे, कारण ती बापाला तोंडावर उत्तर देई. अण्णांना धाकटी आवडे. ती फार बोलतच नसे. तिच्या वाट्याला येणारी दोन वाक्यं अण्णा शाळकरी मुलासारखी पुन्हा म्हणून दाखवत. आणि मोतद्दार! त्याच्याविषयी बोलताना म्हाताऱ्याचा चेहरा उजळे. "घोड्याच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता तो तिला विचारतो, जेवलीस का? बघा हं पोस्टमास्तर, सरदारानं इतक्या भागांत एकदा तरी विचारलं का, जेवलीस का म्हणून?" मी आठवून पाही. खरंच नव्हतं विचारलं.

मला ते घर आवडायला लागलं होतं. एक गोष्ट मात्र मला काही दिवस गमतीची वाटत होती. नवरा-बायको एकमेकांशी थेट बोलत नसत. मध्ये मी. "विचारा त्यास्नी, भाकरी एक वाढू का दोन," आक्का उंबऱ्यातून मला म्हणत. अण्णा तिथंच, पाटावर. "दीड सांगा," ते मला म्हणत. मी नसलो तर टेलर, टेलर नसला तर दारातली शेळी. "ए, सांग गं त्यास्नी, पानी तापलंय," असं आक्का शेळीला सांगताना मी ऐकलं आहे. मला वाटलं, जुन्या माणसांचा संकोच असेल. एकदा नर्सबाईंपुढे मी हसून हे बोललो. त्या हसल्या नाहीत.

"तुम्हाला माहीत नाही वाटतं," त्या म्हणाल्या.

अण्णांना एकुलती एक मुलगी होती. नगरला शिकायला ठेवली होती. तिथं तिच्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा बौद्ध होता, तिसगावकडचा. सगळ्या वर्गात पहिला येणारा. मुलीनं घरी येऊन आई-बापांना समोर बसवून सांगितलं. पळून गेली नाही, लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलगा स्वतः आला. अण्णांनी त्याला अंगणातच उभं केलं आणि अंगणातूनच परत पाठवलं. मुलीनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ज्या दिवशी ते कळलं, त्या दिवशी अण्णांचे थोरले भाऊ समोरच्या घरातून आले, भावकीतले चौघे आले आणि अण्णांनी त्यांच्यादेखत मुलीच्या नावानं अंघोळ केली. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. त्या दिवसापासून आक्का त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

"आणि हेच अण्णा मोतद्दाराची बाजू घेतात?" मी विचारलं.

"म्हणून तर आम्ही सगळे सरदाराची घेतो," नर्सबाई म्हणाल्या. "त्यांना भांडायला कुणीतरी पाहिजे ना."

त्यानंतरच्या गुरुवारी मी अण्णांकडे नीट बघू शकलो नाही.

दुष्काळ वाढत गेला. बाजारात ज्वारी मिळेनाशी झाली, माणसं खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली, पोस्टासमोरच्या लिंबाखाली बसून मुंबईला गेलेल्या पोरांच्या मनिऑर्डरीची वाट पाहू लागली. रेडिओवरच्या किल्ल्यातही धान्य संपत आलं होतं. अशात तो भाग लागला. धाकटी आणि मोतद्दार यांचं किल्लेदाराला कळतं. तो मुलीला किल्ल्याबाहेर घालवतो आणि तिच्या पाठीमागे दरवाजा लावायला सांगतो. दरवाजाचा करकर आवाज मोठा परिणामकारक काढला होता. टेलरची बायको डोळ्यांना पदर लावून बसली.

अण्णांनी रेडिओ बंद केला. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. विणलेलं झाकण उलगडायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"विचारा त्या किल्लेदाराला."

आम्ही सगळ्यांनी तिकडं पाहिलं. आक्का दारात उभ्या होत्या. हाताला पीठ लागलेलं होतं.

"विचारा, जित्या लेकीच्या नावानं पानी अंगावर घेतलं, ते गार हुतं का कडत हुतं?"

मालिकेत अंघोळीचा प्रसंगच नव्हता. टेलर उठले, बायकोला खूण केली आणि गेले. नर्सबाई गेल्या. मी खोलीत गेलो. अण्णा बराच वेळ हातात झाकण धरून तसेच बसलेले मला खिडकीतून दिसत होते.

सकाळी ते माझ्या दाराशी आले. "पोस्टमास्तर, रविवारला जोडून रजा काढा. भंडारदऱ्याचं धरण बघायचंय. सगळीकडं ठणठणाट, तिथं पाणी आहे म्हणतात."

मुलगी आणि जावई तिथल्या शाळेत शिक्षक आहेत, हे मला नर्सबाईंनी सांगितलं होतं. मी रजा काढली. निघताना आक्कांनी माझ्या हातात फडक्यात बांधलेलं एक गाठोडं दिलं. बाजरीचं पीठ आणि लसणाची चटणी. "कुनाला द्यायचं ते तुमाला कळंल," एवढंच म्हणाल्या.

शेवगाव ते नगर, नगर ते संगमनेर, तिथं धर्मशाळेत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी अकोल्यावरून वर. सारी वाट उघडीबोडकी होती. राजूरच्या पुढं डोंगर लागले तेव्हा अण्णा खिडकीला टेकून ते नजरेनं मोजत राहिले. "हा सगळा भाग मी पायी मोजलाय," ते म्हणाले. "तेव्हा ही पोर एवढीशी होती. सुट्टीत बरोबर आणली होती. साखळीचं एक टोक तिच्या हातात दिलं होतं."

जावयाची खोली शाळेच्या मागे होती. तो दारातच वही तपासत बसला होता. उंच, सावळा, चष्मा लावलेला. अण्णांना त्यानं लगेच ओळखलं. उठून उभा राहिला, हात जोडले, "या," म्हणाला. सतरंजी अंथरली, स्वतः पाणी आणून दिलं. अण्णांनी तांब्या घेतला आणि पाणी प्यायले. तळ दिसेपर्यंत प्यायले, ते मी पाहिलं.

आतून मुलगी आली. तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांची पोर होती, कपाळ थेट आक्कांचं. मुलीनं वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपण चहा घेणार का?"

बापाला कुणी 'आपण' म्हणत नाही. अण्णा नुसते "हो" म्हणाले. मी गाठोडं पुढं केलं. तिनं ते घेतलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. चहा जावयानंच आणला.

मग बसलो आम्ही तिघे. एवढ्या लांबून माणूस जे बोलायला आला होता ते आता बोलेल म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो. अण्णा धरणाविषयी बोलले. पाणी किती आहे, विचारलं. शाळेत मुलं किती, विचारलं. आणि मग, काय सांगू, ते मालिकेवर आले.

"तुम्ही ऐकता का हो गुरुवारची मालिका?"

"शाळेत एक रेडिओ आहे. इथं डोंगरात खरखर होते, पण ऐकतो कधी कधी," जावई म्हणाला.

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांना रस्ता सापडला असं वाटलं असावं. "मग तुम्हाला कोण आवडतो? आमच्याकडं सगळे सरदार सरदार करतात. मी मात्र पहिल्यापासून मोतद्दाराच्या बाजूचा आहे. विचारा यांना. पोस्टमास्तर, सांगा ना."

मी मान हलवली.

जावयानं रिकामा कप खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात, शिक्षक समजावून सांगतो तसं म्हणाला, "मोतद्दार सगळ्यांनाच आवडतो, काका. तो कायम खाली उभा राहतो म्हणून आवडतो. मी तुमच्या दारात आलो तेव्हा मी बी.ए. होतो. माझ्या हातात घोडा नव्हता, पदवीचा कागद होता. तुम्ही तो बघितला नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर अण्णांना बरं वाटलं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी छत्री उचलून मांडीवर आडवी घेतली. आत पोर रडायला लागली आणि मुलीनं तिला जोजवायला सुरुवात केली. शेजारी, एका भिंतीपलीकडे. आम्ही उठलो. जावई गाडीपर्यंत पोचवायला आला. धरण आम्ही पाहिलंच नाही.

परतताना संगमनेरच्या स्टँडवर अण्णा एकदम म्हणाले, "माफी मागायला गेलो होतो मी. तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"तोंडात आली होती. मग वाटलं, हा पोरगा माफ करून टाकेल आणि माझं पुन्हा त्याच्यापुढं कमीच भरेल. त्या दिवशी थोरल्या भावाला भ्यालो, आज त्याला भ्यालो. गुरुवारी मात्र मी लई शूर असतो."

आम्ही घरी पोचलो तेव्हा आक्का दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कित्येक वर्षांनी त्या नवऱ्याशी बोलल्या. "कशी हाय?"

"बरी आहे," अण्णा म्हणाले. "एक मुलगी आहे तिला."

"नाव काय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं.

आक्का आत वळल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी लुगडी आणि तांब्या पिशवीत भरला. जन्मात कधी एकट्या नगरपलीकडं न गेलेली ती बाई एस.टी.त जाऊन बसली. अण्णा स्टँडपर्यंत मागं मागं गेले. "मी येऊ?" त्यांनी खिडकीपाशी जाऊन विचारलं. "ती बोलवंल तवा या," आक्का म्हणाल्या आणि गाडी सुटली.

त्याच गुरुवारी मालिका संपली. शेवटच्या लढाईत मोतद्दार धाकटीला वाचवताना मरतो, सरदार जिंकतो, थोरलीचं लग्न होतं आणि किल्लेदार मोतद्दाराच्या प्रेतावर आपला शेला घालून रडतो. टेलरची बायको हुंदके देत होती. आम्ही अण्णांकडे पाहिलं. आता ते मोतद्दाराचं केवढं कौतुक करतील असं सगळ्यांना वाटत होतं.

"मारला," अण्णा म्हणाले. "किल्लेदाराची सोय झाली. मेलेल्यावर शेला घालायला काय लागतं?"

नंतर दुसरी मालिका सुरू झाली, पण ते ऐकायला बसले नाहीत. आम्हीही जमेनासे झालो. ते स्वतःच्या हातानं करपलेल्या भाकऱ्या करत. नर्सबाई कालवण आणून देत. बोलावणं येईल म्हणून त्यांनी धुतलेलं धोतर आणि कोट खुंटीला तयार ठेवला होता.

बोलावणं आलं नाही. एक दिवस जावईच आला. पेपर तपासण्याच्या कामासाठी तो नगरला आला होता, तिथून मुद्दाम वाट वाकडी करून शेवगावला आला. मी ओसरीवर होतो. समोरच्या घराच्या ओट्यावर अण्णांचे थोरले भाऊ सुपारी कातरत बसले होते. अण्णा आतून बाहेर आले, त्यांनी जावयाला पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि अंगणात उतरले. जावयाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि मोठ्यानं, गल्ली ऐकेल असं म्हणाले, "या जावईबापू, आत या. घर तुमचंच आहे."

भाऊ उठून आत गेले. दार आपटल्याचा आवाज आला. अण्णांनी मागं वळून पाहिलं नाही.

त्यांनी स्वतः भाकरी केली, वाढली, आणि एका ताटात जेवावं तसे दोघे ताटाला ताट लावून जेवले. मग हात धुतल्यावर अण्णांनी विचारलं, "पोरीला आणता का एकदा? नाहीतर मी येतो."

जावयानं मान खाली घातली. "मी विचारून आलोय," तो म्हणाला. "ती म्हणाली, तुम्हाला जायचं तर जा. तुमचा अपमान झाला होता, तुमचं तुम्ही मिटवा. माझ्या नावानं तर त्यांनी अंघोळ केली आहे. मी कुठून येऊ?"

अण्णांनी दोन्ही ताटं उचलून एकावर एक ठेवली. "बरोबर आहे तिचं," म्हणाले. "बरोबर मोजलंय तिनं."

जावयाला गाडीत बसवून ते परत आले आणि अंगणात मोजणीची जुनी साखळी मांडून तिचा गंज घासत बसले. त्यानंतर लवकरच माझी श्रीरामपूरला बदली झाली. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण एकही प्रश्न विचारला नाही.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. शेवगावला गेलो तेव्हा घरात आक्का एकट्याच होत्या. अण्णांच्या शेवटच्या आजारपणात त्या परत आल्या होत्या, सेवाही त्यांनीच केली. मी विचारलं, "तुमची मुलगी आली होती का?"

"आली हुती. तिसऱ्या दिशी. एकटीच." आक्का माझ्यासमोर खाली बसल्या. "वट्यावर उभी राहिली. मी म्हनलं, आत ये. तर म्हनली, आई, रडाया आत यावं लागतं का?"

"मग?"

"मी म्हनलं, न्हाई बाई. हितंच रड. मग वट्यावर बसून लई रडली. समदी गल्ली बघत हुती. मी तिच्या पाठीवर हात ठिवून बसले. रडून झाल्यावर पदरानं तोंड पुसलं, म्हनली, उद्या पोरं शाळंतून यायच्या आत पोचाया पायजे. मी तिला गाडीला बसवून आले."